बिनसावलीची दुपार

चि. सोनू,

तुझ्या बाबानं विज्ञानाच्या खेळांच्या पेटीचा फोटो पाठवलाय. घेऊ का, म्हणून विचारतोय. नको म्हणावं. त्या पेटीत उत्तरं आधीच छापलेली असतात. तू मीटरपट्टी घे आणि 12 मेच्या आत धाराशिवला पोच.

त्या सुमाराला इथं भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अक्षांश तेच राहिले, 18.2 च्या आसपास! सूर्य उत्तरेकडं सरकत असतो, म्हणून उमरग्याला हा दिवस आपल्याआधी एखाद-दोन दिवस येतो, कळंबला नंतर. मात्र बाराच्या ठोक्याला अंगणात पळू नकोस. घड्याळ चालतं 82.5 रेखांशावर आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. आपली मध्यान्ह होते साधारण 12:22 ला.

सावली पायाखाली गेली की लोक फोटो काढतात आणि पंख्याखाली जाऊन बसतात. मला ते अर्धवट वाटतं. खरी गंमत नागपूरच्या मामाकडं आहे. त्याच दिवशी, तिथल्या मध्यान्हीला, म्हणजे 12:10 च्या सुमाराला, त्यानं मीटरभर उंच काठीची सावली मोजायची. आपल्याकडं शून्य, त्याच्याकडं पाच सेंटिमीटरच्या जरा पुढं. पृथ्वी सपाट असती तर त्याचीही सावली नाहीशी झाली असती. नागपूर आपल्या उत्तरेला साधारण 330 किलोमीटर आहे. एसटीचं अंतर धरू नकोस, नकाशावर सरळ दक्षिणोत्तर मोज. त्याला शंभरनं गुण, मामाच्या सेंटिमीटरांनी भाग. येईल ती पृथ्वीची त्रिज्या. एराटोस्थेनिसनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये सावलीवरूनच पृथ्वीचा परीघ काढला होता.

मामाला बजावून सांग, अंदाजपंचे चालणार नाही. त्यानं चारच सेंटिमीटर लिहिले तर 6,371 च्या जागी 8,250 किलोमीटर येतील. काठी ओळंब्यानं उभी करायची. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे. म्हणून सावलीचं टोक जवळपास सेंटिमीटरभर पुसट दिसतं. त्या पुसट पट्ट्याचा मध्य धरायचा. बारापासून दर दोन मिनिटांनी खूण करायची, सगळ्यांत आखूड सावली ती आपली. आणि उत्तर पुस्तकाशी जुळावं म्हणून आकडा खोडायचा नाही. तुझा बाबा लहानपणी हेच करायचा, विचार त्याला.

वळवाच्या ढगांनी घोळ घातला तर सूर्य परतताना, 31 जुलैच्या आसपास, पुन्हा डोक्यावर येतो. पण तेव्हा आभाळ भरलेलं आणि तुझी शाळा सुरू. मीच शेजारच्या गवंड्याचा ओळंबा मागून ठेवलाय. मामाला स्वतःचा ओळंबा बघायला सांग, आणि टोपी आण. ऊन मी म्हणतंय.

तुझा,
आबा