चढ, घाम आणि वजन

मे महिन्यात रत्नागिरीत पायी फिरायचं म्हणजे चढ आणि दमट हवा, दोन्हींशी गाठ. बाजारातून थिबा पॅलेसकडे चढताना अंगावर वाढलेलं वजन पावलागणिक जाणवतं. सपाटीवर ते एवढं कळत नाही. चढावर मात्र प्रत्येक किलो उचलून वर न्यावा लागतो.

स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा चढण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती बाहेर पडायला घाम सुकावा लागतो, पण समुद्रकाठच्या हवेत तो नुसताच ओघळतो. त्वचेखालची चरबीही उष्णता अडवून धरते. हृदयाला मग स्नायू आणि त्वचा, दोन्हींकडे जास्तीचं रक्त पाठवावं लागतं. अशा चालण्यानंतर दुपारी येणारी मरगळ म्हणजे आळस नव्हे, हे मला आता मनापासून पटलंय.

म्हणून बाहेरची कामं मी सकाळीच उरकते, चढावर थांबत थांबत जाते, मीठ घातलेलं कोकम सरबत जवळ ठेवते. वजन उतरावं असं वाटतं ते आरशासाठी नाही. संध्याकाळी घरच्यांशी बोलायला, चार पानं वाचायला जीव उरावा, यासाठी. आणि धापा टाकणाऱ्या माणसाला उपदेश करण्याआधी त्याच्या वाटेचा चढही आपण लक्षात घ्यावा.