नागांची पंचवटी

अमीश त्रिपाठींच्या शिवकथेचा २०११ साली आलेला दुसरा भाग मी हातात घेतला तो केवळ पंचवटीपायी. त्यात पंचवटी ही नागांची राजधानी आहे, असं भाच्यानं सांगितलं होतं. आपल्या आळीचं नाव कादंबरीत आलं की माणूस जरा सावरून बसून वाचतो. माझ्याआधी वाचनालयाची ती प्रत नेणाऱ्या कुणीतरी ‘पंचवटी’ या शब्दाशेजारी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, ‘आपली!’

तक्रारी आहेत. शिव कॉलेजच्या कट्ट्यावरच्या पोरासारखा बोलतो आणि दर दोन पानांआड कुणी ना कुणी थक्क होतं. पण नाग मात्र मनातून हलेनात. जन्मतःच व्यंग घेऊन आलेली ही माणसं. गणेशाचा चेहरा हत्तीसारखा, कालीला जास्तीचे हात. कथेतल्या मेलुहा राज्याच्या कायद्यानं हद्दपार केलेली, बाहेर पडताना तोंडावर मुखवटा चढवणारी. त्यांना लेखकानं घर दिलं ते गोदाकाठी.

सीतागुंफेजवळच्या नंबर टाकलेल्या वडांखाली उभा होतो, तेव्हा एकदम लक्षात आलं. नाक कापलं म्हणून नाशिक, ही गोष्ट आजी सांगायची आणि आम्ही पोरं खिदळायचो. शूर्पणखा तोंडावर पदर घेऊन पुढं कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही. ज्या गावाचं नावच विद्रूप केलेल्या चेहऱ्यावरून पडलं, तिथं नागांनी नाही राहायचं तर कुठं?

तिथून काळाराम मंदिर अगदी जवळ. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मिरवणुकीनं आली, तेव्हा दारं लावून घेतली होती. दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह वर्षानुवर्षं नेटानं चालवला. दारं उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या माणसांचे चेहरे तुमच्याआमच्यासारखेच होते. कादंबरीतल्या कायद्याला निदान व्यंगाचं निमित्त तरी लागतं.

लेखकाच्या मनात हे होतं की नाही, कोण जाणे. माझ्या मनात मात्र आता दोन्ही पंचवट्या एकमेकींत मिसळल्यात.

पुस्तक परत करायच्या दिवशी ते पान पुन्हा उघडलं. ‘आपली’च्या पुढचं उद्गारचिन्ह खोडून तिथं प्रश्नचिन्ह टाकावंसं वाटलं. काउंटरवरच्या बाईंकडे पेन्सिल मागितली. त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं, की पुस्तक मुकाट्यानं पुढं सरकवलं.