नेव्हिलचा विसराळूपणा

माझी भाची विसराळू आहे, हे आमच्या घरात सर्वमान्य होते. डबा, कंपासपेटी, स्वेटर. एकदा तर चक्क दप्तरच ती शाळेत ठेवून आली. तिच्या आजीने रोज सकाळी भिजवलेले बदाम सोलून दिले, ब्राह्मीचे औषध आणले. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतले. दोन्ही उत्तम निघाले, आणि आम्ही निर्धास्त झालो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने हॅरी पॉटरचे सातही भाग झपाट्याने वाचले. तिला हॅरीपेक्षा नेव्हिल लाँगबॉटम अधिक जवळचा वाटला. नेव्हिलही आजीजवळ वाढलेला, धांदरट आणि विसरभोळा. पहिल्या भागात आजी त्याला एक काचेचा गोळा पाठवते. काही विसरले असेल तर तो गोळा लाल होतो. मात्र काय विसरले, हे सांगत नाही. आमच्या बदामांची गतही फारशी वेगळी नव्हती!

एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ती म्हणाली, “आत्या, नेव्हिल मुळात विसराळू नाहीच. त्याला घरच्यांनी विसरायला लावलंय.”

हा तर्क तिचा स्वतःचा नव्हे; या कादंबऱ्यांच्या वाचकांत तो फार पूर्वीपासून प्रचलित आहे. नेव्हिलच्या आईवडिलांचा लेस्ट्रेंज मंडळींनी मंत्राने इतका छळ केला की दोघांचेही मानसिक संतुलन कायमचे गेले. तान्ह्या नेव्हिलने ते पाहिले असावे, आणि त्याला ते आठवू नये म्हणून नातेवाइकांनी त्याच्यावर स्मृती पुसणारा मंत्र घातला असावा, असे हे वाचक मानतात. त्याला एक आधारही आहे. चौथ्या भागातील बर्था जॉर्किन्सवर असाच जबर मंत्र घातला जातो आणि तिची स्मरणशक्ती कायमची अधू होते. तेव्हा नेव्हिलचा विसराळूपणा हा स्वभाव नसून इजा आहे, असा हा युक्तिवाद.

मला वाद घालण्याची हौस फार. मी म्हटले, “हल्ला झाला तेव्हा तो जेमतेम सव्वा-दीड वर्षाचा असेल. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेक कुणालाच आठवत नाही, त्यासाठी मंत्र कशाला? आणि पाचव्या भागात नाताळाच्या सुट्टीत तो आजीबरोबर इस्पितळात आईवडिलांना भेटायला जातो की! त्याला सगळं ठाऊक असतं. त्याने लपवलं ते मित्रांपासून.”

त्या प्रसंगात त्याची आई, जिला तो धड ओळखूही येत नाही, त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. आजी तो टाकून द्यायला सांगते. तो मात्र गुपचूप खिशात घालतो. हे सांगताना माझा आवाज थोडा विजयी झाला असावा.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्याची आजी त्याला भेटायला तरी नेते.”

मला उत्तर सुचले नाही.

माझ्या वहिनीला स्किझोफ्रेनिया आहे. भाची चार वर्षांची असताना तिचा आजार बळावला आणि मिरजेहून तिचे भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेले. आम्ही मुलीला सांगितले, आई नोकरीसाठी लांब गेली आहे. पुढे पुढे तेही सांगणे सोडले. उद्या पोरीच्या लग्नात विषय निघेल, हे भय होतेच. माझा भाऊ याबाबत तोंड उघडत नसे. पाच-सहा वर्षांची असताना तिने एकदा विचारले होते, “आई अंगणात जोरजोरात ओरडत होती ना?” तेव्हा मीच तिला जवळ घेऊन म्हटले होते, “नाही गं, स्वप्न पडलं असेल तुला.”

स्मृती पुसायला तेवढे वाक्य पुरते, आणि तेही अर्धवटच पुसते.

“ते स्वप्न नव्हतं ना?” तिने अंधारात विचारले. मी नाही म्हटले. मग तिने जे सांगितले, ते ऐकून मी उठून बसले. त्या दिवशी तिच्या हातून दुधाचे पातेले सांडले होते. आई त्यामुळे चिडली आणि त्यामुळेच निघून गेली, असे ती नऊ वर्षे धरून चालली होती.

नंतर आम्ही एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी आजाराचे नाव सरळ घ्यायला सांगितले. मूल विचारेल तेवढेच, पण खरे सांगायचे आणि यात तिचा काहीही दोष नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायचे. विसराळूपणाविषयी त्या म्हणाल्या, मन काळजीत अडकलेले असले की हातातल्या वस्तूकडे लक्षच जात नाही, आणि लक्ष न गेलेली गोष्ट आठवायची तरी कशी? त्यांचे म्हणणे मला वाचकांच्या त्या तर्काहून अधिक पटले. तो तर्क कथानकाच्या कसोटीला उतरत नाही, हे माझे मत आजही कायम आहे. पण आमच्या घराविषयी तो चुकीचा नव्हता.

आईने प्रथम कडाडून विरोध केला. “इतकी वर्षं निभावलं, आता कशाला?” भाऊ मात्र म्हणाला, “मी येतो.”

फेब्रुवारीत आम्ही तिघे मिरजेला गेलो. वहिनी औषधांवर बरीच सावरलेली आहे. हालचाली मंदावल्या आहेत, हात किंचित थरथरतो. तिने मुलीकडे पाहिले आणि कितवीत आहेस, असे विचारले. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले. दोन्ही वेळा भाचीने शांतपणे “आठवी” असे उत्तर दिले. निघताना तिने दुधाच्या पातेल्याबद्दल विचारले. वहिनीला ते आठवत नव्हते.

परतताना गाडीत बसल्यावर लक्षात आले, भाचीचा स्वेटर तिथेच राहिला होता. भाऊ म्हणाला, पुढच्या महिन्यात येऊ तेव्हा घेऊ.