वेग कोठे अडतो?

आजार एकीकडे आणि औषध भलतीकडे, हा प्रकार संसारात नवा नाही. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच करून ठेवलेली नाही. घरोघरी आलेल्या फायबर इंटरनेटच्या बाबतीत ही म्हण जितकी खरी ठरताना आम्ही पाहतो, तितकी अन्यत्र क्वचितच. नेट मंद झाले की एक जण म्हणतो, कंपनी बदला. दुसरा म्हणतो, महागडा प्लॅन घ्या. तिसरा राउटरचे बटण बंद करून पुन्हा सुरू करतो आणि देवाला हात जोडतो. वेग नेमका कोठे अडला आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आमच्या घरी हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. इंदूरच्या मराठी घरांची कहाणी वाचकांस ठाऊकच आहे. मुले शिकतात आणि पुण्याची गाडी धरतात. रामबागेत, लोकमान्यनगरात मागे उरतात ती वयस्कर माणसे आणि बंद खोल्या. 2020 साली टाळेबंदी झाली, आमच्या सूनबाईंचे पुण्यातील कंपनीचे काम घरात आले आणि त्या कामापाठोपाठ मुलगा, सून व नातू आमच्या वाड्यात राहावयास आले. पुढे मुलाने येथेच नोकरी पाहिली, नातू येथल्याच शाळेत जाऊ लागला. गेल्या वर्षी मात्र सूनबाईंच्या मीटिंगमध्ये आवाज तुटू लागला, चित्र गोठू लागले. तेथून जमत नसेल तर पुण्यास येऊन काम करावे, असे वरिष्ठांनी सौम्य शब्दांत सुचविले. सूनबाई आम्हांस एवढेच म्हणाल्या, "बाबा, एक महिना बघते. नाहीतर निघावंच लागेल आम्हांला." त्या रात्री आमच्या मातोश्रींनी मागचा भात घेतला नाही.

मुलाचे म्हणणे पडले की, दोनशे एमबीपीएसचा प्लॅन आहे, तो तीनशेचा करावा. आम्ही म्हणालो, "अरे, एका मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. दोनशेतले चार जिथे पोहोचत नाहीत, तिथे तीनशेतले तरी कसे पोहोचतील?" टाकीत पाणी भरपूर असून नळाला धार नसेल, तर शहाणा मनुष्य टाकी मोठी करीत नाही; नळ तपासतो.

आपल्या न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणून एक विचारपद्धती सांगितली आहे. एखादी गोष्ट असता दोष दिसतो आणि ती नसता दोष दिसत नाही, तर तीच दोषाचे कारण मानावी. मुलांचे चुकलेले गणित तपासताना आम्ही आयुष्यभर हेच करीत आलो. उत्तर चुकले म्हणून सारे गणित खोडावयाचे नसते. ते कोणत्या ओळीत बिघडले, हे पाहावयाचे असते.

या गणितातही ओळी आहेत. कंपनीच्या केंद्रातून काचेचा तंतू निघतो. त्याचा प्रकाश वाहणारा गाभा अवघा नऊ मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून कितीतरी बारीक. वाटेत त्या एका तंतूतला प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागला जातो. सर्वत्र प्रचलित असलेल्या पद्धतीत या सर्व घरांस मिळून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती येते. त्यामुळे रात्री नऊच्या सुमारास सारी आळी पडद्यासमोर बसली की प्रत्येकाच्या वाट्यास थोडे कमी येऊ शकते. पुढे तंतू घरातील पेटीत शिरतो, तेथे प्रकाशाची वीज होते आणि तेथून वायफायच्या लहरी हवेतून खोल्याखोल्यांत जातात. तंतू, पेटी, हवा आणि शेवटी आपला लॅपटॉप, अशा या चार ओळी.

आम्ही प्रथम हवेची ओळ वगळली. घरातील सारे फोन बाजूस ठेवले, दूरदर्शन संच बंद केला, लॅपटॉप तारेने थेट पेटीस जोडला आणि वेग मोजला. सकाळी एकशे पंच्याण्णव, रात्री एकशे ऐंशी. तोच लॅपटॉप सूनबाईंच्या मागील खोलीत नेऊन वायफायवर मोजला, तेव्हा आकडा आला अकरा, मधूनच दोन. तेवढ्यात कंपनीचा मुलगा आला. तोही आकडे पाहून म्हणाला, "मास्साब, यहाँ तक तो पूरा आ रहा है।" त्याचे म्हणणे खरे होते. काखेत कळसा होता आणि आम्ही सारे गावाला वळसा घालावयास निघालो होतो.

आमचा वाडा जुना. भिंती दीड हात जाडीच्या, माती-विटांच्या. पेटी पुढच्या ओसरीत लोखंडी कपाटाच्या आडोशास बसविलेली, आणि सूनबाईंची खोली दोन भिंतींपलीकडे. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारी, 2.4 गिगाहर्ट्झची लांब जाणारी, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांनी गजबजलेली. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात चालते. जाड भिंत आणि लोखंड दोघींचीही वाट अडवितात. ज्या भिंतींनी उन्हाळ्यात आम्हांस इतकी वर्षे गारवा दिला, त्याच आता सूनबाईंची वाट अडवीत होत्या.

भिंती पाडावयाच्या नव्हत्या. आम्ही पेटीपासून मागील खोलीपर्यंत केबल ओढविली आणि तेथे दुसरा लहान राउटर बसविला. मोजून पाहतो तो वेग चौऱ्याण्णव! येथे आकडाच बोलका असतो. या केबलमध्ये आठ तारा असतात. शंभरच्या वेगास चार पुरतात, हजारच्या वेगास आठही लागतात. त्यांतील एखादी टोकाशी नीट बसली नसेल, तर जोडणी मुकाट्याने शंभरावर उतरते आणि हाती चौऱ्याण्णवच्या आसपास येतात. कारागिराने टोक कापून नवे बसविले. आकडा एकशे नव्वदच्या वर गेला.

महिना निभावला. पण पावसाळ्यात वेग पुन्हा घसरला. या वेळी पेटीस तार जोडूनही वीसच. म्हणजे दोष घराबाहेरचा. राउटरच्या पानावर, पेटीपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा पाहावयास मिळतो. तो डीबीएम या मापात, उणे चिन्हासह असतो. चांगल्या दिवसांत आम्ही तो वहीत टिपून ठेवला होता: उणे वीस. आता तो उणे एकोणतीस होता. या मापात दर तीन अंकांस प्रकाश निम्मा होतो. नऊ अंक म्हणजे एक-अष्टमांशच उरला. उणे सत्तावीसच्या खाली गेल्यावर या पेट्यांस साधारणतः नीट वाचता येत नाही.

कंपनीच्या दूरध्वनीवरील बाईंनी नित्याप्रमाणे राउटर बंद करून चालू करण्यास सांगितले. आम्ही शांतपणे तीनही आकडे सांगितले, ते तक्रारीत लिहून घेण्यास सांगितले आणि तक्रारीचा क्रमांक मागून घेतला. तो मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे तो क्रमांक देऊन जाता येते. ती वेळ आली नाही. दुसऱ्याच दिवशी लाइनमन आला. कोपऱ्यावरील खांबास कोणीतरी शुभेच्छांचा फलक बांधताना दोरीखाली आमची तार आवळली होती. काचेचा तंतू तुटला नव्हता, दुमडला होता; आणि दुमडलेल्या काचेतून प्रकाश वाटेतच निसटतो. दोरी सोडविली, तार मोकळ्या वळणाने बांधली, आकडा पुन्हा उणे वीसवर आला.

सूनबाईंच्या वरिष्ठांनी पुढे तो विषय काढला नाही. दुपारी मातोश्री चहाच्या वेळी त्यांच्या दाराशी येतात आणि मीटिंग चालू आहे काय, हे खुणेने विचारतात. चालू असल्यास कप टेबलावर ठेवून परततात.

आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. नेट चांगले चालू असेल अशा एखाद्या दिवशी दोन आकडे लिहून ठेवा: पेटीजवळ तारेने मिळणारा वेग आणि पेटीत येणाऱ्या प्रकाशाचे माप. निरोगी असताना नाडी पाहिलेली असली, तरच तापातली नाडी कळते. आळीतील कोणी नेटचे गाऱ्हाणे घेऊन आले, तर हल्ली आम्ही कंपनीचे नाव विचारीत नाही, प्लॅनही विचारीत नाही. "पेटीजवळ किती येतात?" एवढेच विचारतो. बहुतेक जण उत्तर न देता उठतात आणि घरी मोजावयास जातात.