त्यानं ‘चांदी’ म्हटलंच नव्हतं

ते नाणं अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. खण उघडला की ते दिसतं आणि मी तो संवाद पुन्हा एकदा पहिल्यापासून मनात म्हणून बघते. चार वर्षं झाली. सोळाशे पेसो गेले, त्यांचं मला फारसं वाटत नाही. एवढे पैसे आम्ही दोघं एका जेवणाला उडवतो. सलतं ते वेगळंच.

मी मेक्सिकोतल्या पुएब्लामध्ये राहते. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे, त्याआधी चाकणला हेच करत होते. म्हणजे बाहेरून आलेला माल मोजायचा, तपासायचा आणि मापात बसत नसेल तर परत पाठवायचा. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते याच बाईच्या हातून झालं. त्यात मी माहेरची पोतदार. मराठी राज्यात पोतदाराचं काम काय, तर खजिन्यात आलेलं नाणं पारखून घेणं. आजोबांच्या पिढीपर्यंत आमच्याकडे सराफीच होती.

नाण्यांचं वेड मेक्सिको शहरातल्या एका गल्लीत लागलं. राजवाड्याच्या बाजूची ती गल्ली, नावच ‘मोनेदा’, म्हणजे नाणं. स्पॅनिश अमलातली टांकसाळ तिथे होती, आता त्या इमारतीत संग्रहालय आहे. इथली चांदी आठ रेआलच्या नाण्यांच्या रूपात जगभर गेली. चीनमधले व्यापारी त्यावर आपापले ठसे मारून ती चालवत. अमेरिकेत तर १८५७ सालापर्यंत ती कायद्यानं चालत होती. सुरतेला आणि मुंबईला जहाजांतून उतरलेली अशी कितीतरी नाणी वितळवून त्यांचे रुपये पाडले गेले. एका नाण्यात साधारण सव्वादोन रुपयांची चांदी. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आमच्या घरातल्या कुठल्या तरी रुपयात मेक्सिकोची चांदी असेलही, आणि मी इथे त्या चांदीच्या माहेरी येऊन बसलेय! तर ते असो.

एका रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले. पदपथावर चादर अंथरून बसलेला तो म्हातारा. चादरीवर कुलपं, चमचे, फुटके देवदूत, रेडिओची बटणं, आणि एका मखमली डबीत ते नाणं, एकटंच. त्यानं मला ‘ग्वेरिता’ म्हणून हाक मारली. ग्वेरिता म्हणजे गोरी. इथले विक्रेते यच्चयावत बायकांना गोरीच म्हणतात, मला सावळीलासुद्धा. तरी ऐकून बरं वाटतं, काय करणार.

आता तो संवाद. मी त्या संध्याकाळी वहीत उतरवून ठेवला होता, आनंदाच्या भरात. त्यामुळे शब्द पक्के आहेत.

तो म्हणाला, “हे आठ रेआलचं.” मग म्हणाला, “मेव्हण्याच्या घरातून आलंय. बघा, हात लावा, घ्यायलाच पाहिजे असं नाही.” मी हातात घेतलं. जड होतं. एका बाजूला नाकाड्या राजाचं तोंड, डोक्याला पानांचा मुकुट, खाली १७९३. दुसऱ्या बाजूला दोन खांब आणि ढाल. ‘एम’वर छोटा ‘ओ’, ही मेक्सिकोच्या टांकसाळीची खूण. पुढे ‘एफ एम’, ही नाण्याचा कस बघणाऱ्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरं, म्हणजे तिकडचे पोतदारच म्हणा. मी पंधरा दिवस वाचून गेले होते. १७९३ला ‘एफ एम’च हवं, ते बरोबर होतं. राजाच्या नावापुढे मात्र तीन काठ्या होत्या. तिसरा कार्लोस.

तिसरा कार्लोस १४ डिसेंबर १७८८ला वारला, हेही मी वाचलं होतं. म्हणून विचारलं, “सेन्योर, हा राजा तर तेव्हा नव्हता ना?”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की शिक्षकाला हुशार मुलगी सापडावी. म्हणाला, “ग्वेरिता, तेव्हा फोन नव्हते. बातमी जहाजानं यायची.”

आणि मला ते इतकं आवडलं! राजा तिकडे मरून पडलाय आणि इकडे समुद्रापलीकडे त्याच्याच नावानं ठसे पडतायत. मी तिथेच विरघळले. खरी गंमत अशी, की त्याचं म्हणणं साफ खोटंही नव्हतं. १७८९ची नाणी खरंच मेलेल्या राजाच्या नावानं पाडलेली आहेत. त्यानंतर १७९०पर्यंत नाव नव्या राजाचं आणि चेहरा जुन्याचा, अशीही निघाली, कारण नव्या राजाच्या चित्राबरहुकूम ठसे तयार नव्हते. पण पाच वर्षं? पाच वर्षांत जहाज काय, माणूस पोहत आला असता. १७९३च्या नाण्यावर चार काठ्या पाहिजेत. एका काठीचा फरक, आणि ती काठी माझ्याच डोक्यात बसली.

मी गप्प बसलेय हे बघून तो नाण्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, “आता पूर्वीसारखी चांदी राहिली नाही.” आणि शेवटी, “असं रोज मिळत नाही.” सोळाशे म्हणाला. मी घासाघीस केली नाही. पाचशे म्हणाला असता तर संशय आला असता. सोळाशे म्हणजे झिजलेल्या खऱ्या नाण्याचा रास्त भाव, मी चौकशी करून गेले होते. माझा अभ्यास असा माझ्यावरच उलटला.

आणि एक गोष्ट मी केली नाही. नाणं वाजवून बघितलं नाही. आजोबा रुपया हातात आला की दगडी उंबऱ्यावर टाकायचे. खणखणला तर आत, बद्द वाजला तर बाहेर. मला ते आठवलं होतं, अगदी तिथे उभी असताना आठवलं होतं. पण तो इतका अदबीनं बोलत होता, त्याच्यासमोर त्याचं नाणं फरशीवर आपटायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं वाटलं. भीड भिकेची बहीण. शाळेत हजारदा लिहिलेली म्हण.

घरी येऊन तीन आठवडे मी ते मिरवलं. लक्ष्मीपूजनाला आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर ती म्हणाली चौरंगावर ठेव. ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. मग एक दिवस सहज कारखान्यात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत व्हर्निअर लावला. व्यास बरोबर, एकोणचाळीस मिलिमीटर. जाडी जरा जास्त. वजन सव्वीस पूर्णांक चार ग्रॅम. असायला हवं सत्तावीस, पण झीज धरली तर चालतं. मग ते पाण्यात तोललं. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्यानं पाण्यात सोडायचं, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. त्या काळच्या नाण्यात चांदी नव्वद टक्क्यांच्या आसपास, म्हणजे घनता सव्वादहाच्या थोडी वर यायला हवी. काट्यानं तीन दाखवले. सव्वीस पूर्णांक चार भागिले तीन. आठ पूर्णांक आठ. ही तांब्या-पितळेच्या घरातली घनता.

मग भिंगातून कड बघितली. खऱ्या नाण्याच्या कडेवर एक गोल, एक चौकोन अशी नक्षी असते. लोकांनी कडा कातरून चांदी चोरू नये म्हणून ती काढलेली. ती दोन पट्ट्यांमध्ये नाणं फिरवून उमटवत, त्यामुळे समोरासमोर दोन ठिकाणी नक्षी एकमेकींवर चढलेली दिसते. माझ्या नाण्याची कड अखंड सुरेख होती. कुठे चूक म्हणून नाही. आमच्या कारखान्यातसुद्धा इतकी बिनचूक वस्तू आली की मी पुन्हा तपासते.

पुढच्या रविवारी गेले. वाटेत स्पॅनिशमधून भांडायची तयारी केली, क्रियापदांचे भूतकाळ घोकले. म्हातारा तिथेच होता. त्यानं ओळखलं, स्टूल पुढे केलं. मी घनता सांगितली, कड सांगितली, चार काठ्या सांगितल्या. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “मी चांदी आहे म्हणालो होतो का?”

मी वही काढली. खरंच सांगते, तिथेच उभ्या उभ्या वही उघडून वाचली. ‘हे आठ रेआलचं.’ नक्षी आठ रेआलचीच आहे. ‘मेव्हण्याच्या घरातून आलंय.’ आलं असेल. ‘बातमी जहाजानं यायची.’ यायची. ‘आता पूर्वीसारखी चांदी राहिली नाही.’ यावर तर काय बोलणार! ‘असं रोज मिळत नाही.’ एक वाक्य खोटं नाही. त्याला खोटं बोलायची गरजच पडली नव्हती, उरलेलं सगळं मीच बोलले होते, मनातल्या मनात.

याला फसवणूक म्हणायचं की नाही? मी यावर कितीजणांशी भांडलेय. नवरा म्हणतो, तू विचारायला हवं होतंस. अरे, पण मखमली डबी कशाला? कुलपं उघड्यावर आणि हे एकटं मखमलीत, ही डबी बोलत नव्हती का? आणि तो अंगठा? चांदीबद्दलचं वाक्य त्यानं राजकारणावर बोलताना नाही म्हटलं, नाण्यावर अंगठा फिरवत म्हटलं. आमच्याकडे पुरवठादारानं ‘माल उत्तम दिसतो’ असं लिहून पाठवलं तर मी तो माल आत घेईन का? नाही. पण मग दोष पुरवठादाराचा की तपासणाऱ्याचा, हेही माझं खातंच मला विचारेल. कारखान्यातली माझी मैत्रीण वेगळंच म्हणाली. म्हणाली, “आमच्या लोकांना खाणींत घालून काढलेली चांदी ती. राजा चोर, नाणं चोरीचं, आणि तुला ते प्रामाणिक हवंय.” मला हसू आलं आणि रागही आला.

त्या दिवशी त्यानं भरपाई म्हणून चादरीवरची कुठलीही एक वस्तू उचलायला सांगितली. मी अभिमानानं नाही म्हटलं. नंतर एका पितळी कुलपासाठी जीव हळहळला.

मग मी शहाणी झाले. ज्यांना हा नाद लागतोय त्यांना सांगते, की दहा मिलिग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा छोटा काटा आधी घ्या, नाणं नंतर. साल, राजा आणि पोतदाराची अक्षरं जुळवून बघा. अंगावर येणारी चकाकी बघून भुलू नका, आणि सुरुवातीला मोठ्या नाण्याच्या मागे लागू नका, कारण नकला मोठ्याच्याच जास्त निघतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत घेण्याची लेखी हमी देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. मी तसं केलं. एका जुन्या संग्राहकाकडून १७८१चं दोन रेआलचं नाणं घेतलं, ‘एफ एफ’वालं. अमेरिकेतले लोक पाव डॉलरला ‘दोन बिट’ म्हणायचे, ते याच नाण्यावरून. त्या संग्राहकांनी माझ्यासमोर तोललं, स्वतः वाजवलं, पावती दिली. नाण्याला भोक आहे, म्हणून निम्म्याहून कमी भावात मिळालं. संग्राहक भोकाला नाक मुरडतात. मला उलट ते बघून बरं वाटलं. कुणीतरी ते गळ्यात घातलं असणार, आपल्याकडे रुपयाला नाखं लावून माळेत ओवत तसं. आईला दाखवलं, तर तिचं मत सरळ होतं, भोक पडलेलं पूजेला चालत नाही. पुढच्या दिवाळीला चौरंगावर पुन्हा तेच गुळगुळीत १७९३ बसलं.

पण खरं सांगू? ती खरी खरेदी अगदी रेशन आणल्यासारखी झाली. पावती, पिशवी, नमस्कार. मेलेल्या राजाची बातमी नाही, काही नाही. मी वर दिलेला सल्ला मलाच फार दिवस पाळता आला नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा त्या बाजारात गेले. पर्समध्ये काटा आणि दोरा घेऊन. म्हातारा आणखी वाकलाय. चादरीवर तीच मखमली डबी आणि तीत वेगळं नाणं. काळवंडलेलं, कड झिजलेली. तिसरा कार्लोस, १७८९. म्हणजे बातमी उशिरा पोचली ते साल! ते बघून माझे हात थरथरले. कडेवर एका जागी गोल चौकोनावर चढलेला दिसत होता. दुसऱ्या जागी घाण इतकी होती, की कळेना. भाव विचारला. “सोळाशे.” चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

या वेळी मी विचारलं, “सेन्योर, ही चांदी आहे का?”

“तुम्ही इंजिनिअर,” तो म्हणाला, “तुम्हीच सांगा.”

मी काटा काढून त्याच्या स्टुलावर ठेवला, वजन केलं. सव्वीस पूर्णांक सात. दोरा बांधला. मग लक्षात आलं, की पाणी आणलंच नाही. म्हटलं, एक ग्लास पाणी मिळेल का? तो लगबगीनं उठला, पलीकडच्या गाडीवर गेला आणि उन्हात उभी असलेली माणसं बाजूला सारत भरलेला ग्लास दोन्ही हातांनी धरून घेऊन आला. लिंबू पिळलेलं, साखर घातलेलं, वर बर्फ.

मी ते पिऊन टाकलं आणि आणखी एक मागितलं, नुसत्या पाण्याचं.