काळविटाचा माग

मृगयेच्या मुळाशी जो 'मृग्' धातू आहे, त्याचा अर्थ शोधणे. जुन्या शिकाऱ्यांच्या कलेत मारणे क्षणाचे होते. शोधणे मात्र चार-चार दिवसांचे. ही कला हैदराबादेत अजूनही पडताळून पाहता येते, अर्थात् बंदुकीवाचून. वनस्थळीपुरमला विजयवाड्याच्या हमरस्त्यालगत निजामाचे शिकारीचे रान होते. महावीरांच्या 2500व्या निर्वाणवर्षी, 1975 साली, ते त्यांच्याच नावाने हरिणांना मोकळे झाले. अहिंसेच्या आचार्यांचे नाव शिकारखान्याला मिळावे, हा योग मला फार गोड वाटतो.

तेथे चितळही आहेत आणि काळवीटही. पण दोघांचा माग निराळा. चितळ वर्षाआड शिंगे टाकतो असे नव्हे, दरवर्षीच टाकतो. नवी शिंगे पक्व झाली की तो ती झाडांवर घासतो. म्हणून त्याची खूण सोललेल्या सालीवर पाहावी. काळविटाची पिळदार शिंगे जन्मभराची. त्याची खूण पायाखाली शोधावी. तोही झाडीत नव्हे, तर खुरट्या गवताच्या उघड्या माळावर. कारण त्याचे सारे संरक्षण दृष्टीत आणि धावण्यात आहे.

कळप गवतामागे हिंडतो. त्याच्या खुरांमागे जाणारा दमतो. जाणता मनुष्य लेंड्यांचा ढीग पाहतो. वयात आलेला नर आपल्या सीमेत ठरलेल्या जागीच पुनःपुन्हा लेंड्या टाकतो आणि डोळ्यांपुढील ग्रंथींचा स्राव काड्यांच्या टोकांना पुसतो. वरच्या लेंड्या ओल्या आणि काडीवरचा काळपट डाग ताजा असेल, तर धनी जवळच आहे. शांत बसावे, तो येतोच. पारध्यांनी हा मानीपणाच हेरला होता. शिंगांना फास बांधलेला पाळीव नर ते माळावर सोडीत. धनी झुंजायला येई आणि अडके. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे चित्तेवान बैलगाडीतून चित्ता नेत, कारण मनुष्याला बुजणारा कळप गाडीला बुजत नसे. पुढे 1952 साली चित्ताच या देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. 1972च्या कायद्याने काळविटाला अभय मिळाले.

अभय मिळाले, पण माळ? कृष्णसार मृग जेथे स्वभावतः हिंडतो ती भूमी यज्ञाला योग्य, असे मनु सांगतो. मुंजीत बटूला कृष्णाजिन देणारे आपण, त्याच भूमीला कागदोपत्री 'पडीक' म्हणतो आणि मोठ्या पुण्यबुद्धीने तिच्यावर झाडे लावतो. झाडी दाटली की काळविटाला दूरचे दिसत नाही आणि तो जागा सोडतो. रेहेकुरीच्या माळाला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. वनस्थळीच्या चहूबाजूंस तर आता घरेच घरे आहेत. जागा सोडून जायचे म्हटले, तरी तेथल्या नराला जायला वाट नाही. तो त्याच ढिगापाशी उभा असतो, मान उंच करून.