इच्छास्वातंत्र्यास पत्र

आदरणीय इच्छास्वातंत्र्य यांस,

 

पत्रास कारण की, तुम्ही नाहीतच असं सांगणारे मला दोन्हीकडून भेटतात. बाहेरचे विचारतात, "तुमच्या पणजोबांना मिशनऱ्यांनी काय दिलं होतं?" धान्य, शाळा, नोकरी, काहीतरी दिलंच असणार. माणूस आपल्या मनाने ख्रिस्ती होऊ शकतो, हे त्यांच्या गावीही नसतं. आतले काही उपदेशक तितक्याच ठामपणे सांगतात की जगाच्या उत्पत्तीपूर्वी देवाने ज्यांना निवडलं तेच आले, त्यात माणसाचं कर्तृत्व शून्य. एकाच्या हिशेबात पणजोबा विकले गेले, दुसऱ्याच्या हिशेबात उचलले गेले. त्यांनी स्वतः 'हो' म्हटलं, एवढी साधी गोष्ट कुणी मानायला तयार नाही. आमच्या घरी तुम्ही चार पिढ्या राहता आहात. तुमच्या बाजूने घरातल्या कुणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहायला बसले.

तुमच्यावरून किती भांडणं झाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलाजियस यांच्यात वाद पेटला. पुढे हॉलंडात आर्मिनियस वारल्यावर त्याच्या अनुयायांनी 1610 साली पाच कलमांचं निवेदन काढलं. देवाची कृपा लागतेच, पण माणूस तिला नकारही देऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं. पाचवं कलम मला फार आवडतं. खरा विश्वासणाराही शेवटी गळून पडू शकतो का, या प्रश्नावर त्यांनी लिहिलं की शास्त्राचा आणखी शोध घेतल्यावाचून आम्ही हे ठामपणे शिकवणार नाही. इतकी प्रामाणिक कबुली धर्मपंडितांच्या लिखाणात क्वचितच सापडते. तिला उत्तर मात्र कठोर मिळालं. नोव्हेंबर 1618पासून पुढच्या मेपर्यंत डोर्ट गावी धर्मसभा भरली आणि तिने निर्णय दिला की निवडलेले टिकतात, कारण देवच त्यांना टिकवतो. निवेदनवाल्या सुमारे दोनशे पाळकांची पदं गेली. त्यांची बाजू घेणाऱ्या वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्टचा 13 मे 1619 रोजी शिरच्छेद झाला. त्यात राजकारण पुष्कळ होतं, पण कृपेच्या नावाने भरलेली सभा उठून आठवडाही झाला नव्हता. त्यांच्याच बाजूच्या ह्यूगो ग्रोशियसला जन्मठेप झाली. दोन वर्षांनी त्याच्या बायकोने, मारियाने, त्याला पुस्तकांच्या पेटीत घालून तुरुंगाबाहेर काढलं. पंडित तुमच्यावर ग्रंथ लिहीत होते तेव्हा तुम्ही बहुधा त्या बाईच्या शेजारी उभे होता.

रागावू नका, चांगलंही सांगते. जॉन वेस्लीने 1739 साली पूर्वनिवडीच्या शिकवणुकीवर कडाडून उपदेश केला आणि जॉर्ज व्हाइटफील्डशी त्याची जुनी मैत्री दुरावली. तरी व्हाइटफील्डच्या इच्छेप्रमाणे त्याच्या मृत्यूनंतरचा उपदेश वेस्लीनेच केला. ते साल 1770. पुढे बरोबर दोनशे वर्षांनी, 29 नोव्हेंबर 1970 रोजी, नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतातली मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, उभी राहिली. तिच्यात पूर्वनिवड शिकवणाऱ्या कॅल्व्हिनच्या वाटेने आलेले होते, तसे वेस्लीच्या वाटेने आलेलेही. आज प्रभुभोजनाला रांगेत उभं राहताना कोण कुणाच्या वाटेचा, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

तुमची माझी ओळख मात्र डोर्टमधून झाली नाही. ती झाली पंडिता रमाबाईंमुळे. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच त्यांनी आपल्या धर्मगुरूंना आणि मठातल्या भगिनींना प्रश्न विचारायला सुरुवात केली. जे पटलं नाही ते कुणाच्या अधिकाराखातर मानायला त्या तयार नव्हत्या. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं जावी लागली. बाप्तिस्मा हा त्यांच्यासाठी शेवट नव्हताच. केडगावला मुक्ती मिशन चालवता चालवता त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम त्यांनी हाती घेतलं. जुलै 1921मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. अशा बाईला निव्वळ उचलून नेलं होतं, असं कुणी म्हटलं की माझा संताप होतो.

आणि लक्ष्मीबाई टिळक. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. दूर राहिल्या, रडल्या, भांडल्या. पुढे नवऱ्याच्या घरी राहायला आल्या तेव्हाही सोवळं सुटलं नव्हतं. मग स्वतः विचार करून जातिभेद टाकला आणि पाचेक वर्षांनी, पटल्यावरच, बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीही त्यांना तेवढा अवधी दिला, त्याबद्दल त्यांना माझा सलाम. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य ते गेल्यावर याच बाईंनी पुरं केलं.

आता पणजोबांचं. ते 1899-1900च्या दुष्काळात ख्रिस्ती झाले, हे मी लपवत नाही. नगर जिल्ह्यात गावकुसाबाहेरचं घर, पोटात अन्न नाही, अशा वेळी ज्याने भाकरी दिली त्याच्या देवाकडे माणूस पाहणारच. पण दुष्काळ पुढे सरला. पणजोबा मंडळीतच राहिले, आणि आजोबाही. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणजे ज्यांना आमिषाने आले म्हणतात, त्यांच्या नातवंडांना ख्रिस्ती राहण्याची किंमत मोजावी लागते. कागदावर एक आणि मनात एक असं जगणारेही पुष्कळ आहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण पोरांच्या फीचा आकडा मलाही ठाऊक आहे. पण माझ्या वडिलांनी दाखल्यावर 'ख्रिस्ती' लिहिलं आणि शांतपणे सही केली. तो 'हो' भाकरीसारखा रोज नव्याने थापावा लागला. तो कुणी विकत घेतला होता, सांगा बरं? तुम्ही आहात याचा माझ्याकडचा सगळ्यात पक्का पुरावा हाच आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

आता माझी तक्रार. माझ्या आत्याची स्मृती शेवटी गेली. आयुष्यभर संडेस्कूल शिकवलेली बाई. तिला लेकरांची नावं आठवेनात, प्रार्थनेला डोळे मिटायचे हेही आठवेना. प्रभूचं नाव घेतलं तर कोण म्हणून विचारायची. त्या दिवसांत तुम्ही कुठे होता? जिला 'हो' म्हणताच येत नाही तिचं टिकून राहणं कोण करणार? मी पाळकसाहेबांना हेच विचारलं. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय उघडला आणि मेंढपाळाच्या हातातून मेंढरं कुणी हिसकावू शकत नाही, तो भाग वाचून दाखवला. त्या संध्याकाळी डोर्टच्या पंडितांचा मला पहिल्यांदा आधार वाटला. तुमचा हात जिथे पुरत नाही तिथे दुसरा हात असायला हवा, आणि तो आहे असा माझा विश्वास आहे. पौलानेही फिलिप्पैकरांना दोन्ही गोष्टी एकाच दमात लिहिल्या आहेत: आपलं तारण भीत भीत साधा, आणि इच्छा करण्याचं बळही देवच तुमच्यात घालतो. त्याने कुठलीच बाजू वगळली नाही. मग आम्ही का वगळावी?

एक मागणं आहे. झावळ्यांच्या रविवारी आमच्या मंडळीत पोरांचं दृढीकरण आहे. आम्ही आई-बाप घाईला आलो आहोत. नवे कपडे शिवून झाले, पाहुण्यांना निरोप गेले. तुम्ही मात्र प्रत्येक पोरापाशी निवांत बसा. ज्याला 'हो' म्हणायचं आहे त्याला ते स्वतःच्या तोंडाने म्हणू द्या. आणि एखादं पोर 'आत्ता नको' म्हणालं, तर त्याच्या आई-बापांना धीर द्या, आणि पाळकसाहेबांना सांगा की त्याचं नाव वहीतून खोडू नका.

आपली नम्र,
मंडळीतली एक बाई